चौथा शनिवार

बँकेचं शटर खाली व्हतं. मी हात लावून बघितलं, गार व्हतं, खाली दोन कुलपं, आन् मी येड्यावानी ते कुलूप हलवून राहिले, जसं काय हलवल्यावर निघंल. माझी लेक परी माझ्या कडंवर. तिला ताप न्हवता, भूक न्हवती, नुसतीच रडून राहिली. माझं काळीज धडधडत व्हतं ते तिच्या पोटाला लागत असंल. बाजूला चप्पल शिवणारे एक काका बसले व्हते. ते वर न बघताच म्हणले, बाई, आज चौथा शनिवार हाय. मी म्हणलं, म्हंजी? ते म्हणले, म्हंजी बंद.

मला रविवार म्हाईत व्हता. पंधरा ऑगस्ट म्हाईत व्हता. चौथा शनिवार म्हणून काही असतंय हे मला नववीपर्यंत कोण्या बाईनं शिकवलं न्हाई. आमच्या गावात शनिवारचा बाजार असतोय, शनिवारी सगळं उघडं असतंय. मला वाटायचं, जिथं पैशे असतेत ते बाजाराच्या दिवशी तर उघडंच राहणार.

आन् तिकडं कंधारच्या बस स्टँडवर माझ्यासंग रानात राबणारी कौसाकाकू बसली व्हती, माझी वाट बघत. संग तिची लेक मनीषा, मांडीवर कागदाची फाईल घेऊन. लातूरची बस अकराला. मी त्यायला सांगून आले व्हते, बसा, मी आलेच पैशे घेऊन.

आता परत सोयाबीन आलंय. पानं गळून गेली, नुसत्या शेंगा राहिल्या, वारं सुटलं की अख्खं रान खुळखुळ्यावानी वाजतंय. लोकायला हा आवाज लई गोड लागतो. मला त्या आवाजात शटर दिसतंय, काय करू. सकाळी पात, म्हंजी कापायची ओळ, धरली की पयला इळा मारायच्या आधी माझ्या हाताला ते गार लोखंड लागतंय.

सोयाबीन कापायचं काम दिसायला सोपं, करायला लई वंगाळ. शेंगाचं टोक सुईवानी असतंय. आमी साडीवर गड्यायचे जुने फुल शर्ट घालतो, डोक्याला दस्ती बांधतो, आन् बोटाबोटाला चिंध्या गुंडाळतो, जुन्या साडीच्या. तरी सांजच्याला हात धुतले की पाणी झोंबतंय. वाळल्या पाल्याचा कडू वास केसात बसतोय, तो पंधरा दिवस निघत न्हाई. परीला तोच वास माझा वास वाटत असंल. सोयाबीन संपलं आन् मी डोक्यावरून न्हाले की ती जरा येळ माझ्याकडं परक्यावानी बघती.

कौसाकाकू चिंध्या बांधत नसायची. म्हणायची, चिंध्यानं हात बोबडा होतोय. तिच्या बोटायला काही टोचतच नसंल असं मला वाटायचं. तीस वर्सं खुरपं, इळा, कापूस, मिरच्या. अंगठा बघितला तर धुतलेल्या पाटीवानी कोरा. एक रेघ न्हाई.

तो कोरा अंगठा मी पयल्यांदा नीट बघितला तो केंद्रावर. केंद्र म्हंजी शेजारच्या मोठ्या गावात एका दुकानात बँकेचं एक मशीन हाय, तिथं अंगठा लावला की पैशे निघतेत. काकूला विधवा पगार येतोय खात्यावर. मशीन ट्यँ करायचं आन् लाल व्हायचं. दत्ताभाऊ, तो केंद्रावाला, वाईट माणूस न्हाई, तो म्हणायचा, काकू, परत लावा. काकूनं अंगठा पदराला पुसला, परत लाल. सोड्यानं धुऊन आली, परत लाल. मंग दत्ताभाऊ म्हणला केसात घासा, तेल लागंल. काकूनं डोक्यात घासला. मागच्या बाया हसाया लागल्या. काकू बी हसली. म्हणली, "यमाच्या मशीनला बी असंच लाल दाखवलं तर बरं हुईल बग, माघारी लावील." दोन महिने तिला तो पगार भेटला न्हाई. तिच्या नावावर व्हता, तिच्यापुढं त्या डब्ब्यात व्हता, पर मशीन म्हणायचं ही बाई ती न्हाई.

आमी सातजणी व्हतो टोळीत. उक्तं घ्यायचो, म्हंजी रोजानं न्हाई, अख्ख्या रानाचा एकच भाव. त्या वर्षी आमी सरांचं रान घेतलं. सर लातूरला शिकवतेत, वाडवडलांची जमीन आमच्या शिवारात, त्यायचं येणं पेरणीला आन् काढणीला. सरांनी आधीच सांगितलं, नगद काही देणार न्हाई, पैशे फोनवरून खात्यावर टाकतो, एकाच खात्यावर. मंग सगळ्या एकमेकीच्या तोंडाकडं बघाया लागल्या. काकूचा अंगठा चालत न्हाई. रुक्मिणचं खातं हाय पर कार्ड नवऱ्याच्या खिशात, पैशे पडले की तो दारूच्या दुकानात. एकीचं खातं माहेरी, देगलूरकडं, तिथं जायचं तर दोन दिवसाचं काम बुडतं. एकीचा नंबर बदलला, खात्याला जुनाच. मंग सगळ्यायनी माझ्याकडं बघितलं. माझं खातं व्हतं. कार्ड व्हतं, त्याचे चार आकडे मला पाठ व्हते. माझ्या मालकाचा, गणेशचा, जुना फोन माझ्याकडं व्हता, त्यावर पैशाचा मेसेज यायचा, आन् मला तो वाचता यायचा.

खरं सांगू, मला लई मोठं वाटलं. चोवीस वर्साची मी, टोळीत सगळ्यात ल्हान, पात धरली तर सगळ्यात मागं, परीला पाजायला उठावं लागायचं म्हणून टोमणे खाणारी. आन् आता सात घरचे पैशे माझ्या खात्यावर येणार. मी हाव म्हणलं. लगीच म्हणलं.

त्या पैशात काकूचा वाटा कशासाठी हाय हे साऱ्या रानाला म्हाईत व्हतं. मनीषाचा लातूरला नर्सिंगला नंबर लागला व्हता. बारावी झाली, यादीत नाव आलं. अर्धी फी काकूच्या पिठाच्या डब्यात व्हती, अर्धी ह्या सोयाबीनात. शनिवार शेवटचा दिवस. फी आन् कागद घेऊन सोताः यायचं, न्हाई आलं तर नंबर खालच्या पोरीला. मनीषानं पांढरे बूट आधीच घेऊन ठेवले व्हते, नर्स लोकायचे असतेत तसे, कंधारच्या दुकानातून. काकू तिला वरडली, आधी फी भर मंग बूट. मनीषा म्हणली, तोवर माझा नंबर संपला म्हंजी? त्या दुकानात तिच्या मापाचा एकच जोड राहिला व्हता. रोज सांजच्याला ती ते बूट पुसायची, धूळ नसली तरी.

मंगळवारी मेसेज आला. पैशे जमा. मी मोठ्यानं वाचून दाखवला, बांधावर हुबी राहून. बायायनी हातातले इळे वर केले.

बुधवारी मी केंद्रावर गेले, कार्ड घातलं, आकडे दाबले. दत्ताभाऊनं मशीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत मशीनकडं. म्हणला, खात्याला होल्ड लागलाय. मी म्हणलं, म्हंजी? म्हणला, पैशे हायत, पर निघणार न्हाईत, कंधारला शाखेत जावं लागंल. मी बाहीर येऊन पायरीवर बसले. गणेशला फोन लावला, तो नांदेडला ऑटो चालवतो, सवारी व्हती, म्हणला कुणाला बोलू नको, सहाजणी हायत, म्हणतील हिनंच खाल्ले. आन् मंग मी गावात आले. पारावरच काकू बसली व्हती. निघाले का पैशे, म्हणली. माझ्या तोंडातनं आपोआप आलं, काकू, सर्व्हर डाऊन हाय.

हे वाक्य मी केंद्रावर दहादा ऐकलेलं. हे म्हणलं की कुणी काही इचारत न्हाई. जसं आभाळ आलंय म्हणावं तसं. कुणाचाच गुन्हा न्हाई.

गुरुवारी कंधारला गेले. शाखेत लाईन दारापस्तोर. परीला खिडकीखाली बसून पाजलं, नंबर गेला, परत मागं हुबी राहिले. साहेबानं पासबुक बघितलं, म्हणले हे छोटं खातं आहे, कॅम्पमध्ये काढलेलं, याला एका महिन्यात एवढी रक्कम चालत नाही, पूर्ण केवायसी करा. मी हाव म्हणलं. केवायसी म्हंजी काय ते इचारायचं व्हतं, पर मागं लाईन व्हती आन् साहेबानं पुढचं पासबुक हातात घेतलं व्हतं. बाहीर एका शिकलेल्या पोरीला इचारलं तवा कळलं, आधारवर माझं नाव माहेरचं हाय, शीतल माधव, आन् खात्यावर सासरचं, शीतल गणेश. त्या दोघी एकच हायत असा कागद आणायचा. कॅम्पात खातं काढलं तवा रेशनकार्ड बघून लिहून घेतलं व्हतं, बाकीचे कागद मागून आणून द्या म्हणले व्हते. ते मागून कधी झालंच न्हाई. त्या वक्ताला कागदाचं काही काम पडलं न्हाई, मंग परीच झाली.

सांजच्याला गावात आले. काकू परत पारावर. मी लांबूनच म्हणलं, सर्व्हर.

शुक्रवार त्या कागदात गेला. लग्नाचा दाखला न्हवता, कुणी काढतंय? लग्नाची पत्रिका हुडकली, ती आत्याबाईनं, माझ्या सासूनं, फळीवर डब्याखाली अंथरली व्हती, तेलाचे गोल डाग पडलेले. ती घेऊन तहसीलपाशी गेले, तिथं झाडाखाली टायपिंगवाल्यानं प्रतिज्ञापत्र करून दिलं. मी सत्य प्रतिज्ञेवर सांगते की शीतल माधव व शीतल गणेश ही एकच व्यक्ती आहे. मी ते तीनदा वाचलं. तोवर पाच वाजले, शाखा बंद. पर माझ्या मनावरचं वझं उतरलं. उद्या शनिवार, सकाळी दहाला शाखा उघडंल, कागद देईन, पैशे काढीन, अकराच्या बसला काकूच्या हातात ठेवीन. कुणाला काही कळायचं न्हाई. मी काकूला सांगून आले, उद्या संगच चला, स्टँडवर बसा. काकूनं मला त्या सांजला चहा पाजला, दुधाचा.

आन् मंग ते शटर.

ह्याच्या पुढचं मी कुणाला धड सांगितलं न्हाई. शटरापासून स्टँड किती लांब? लेकरू कडंवर घेऊन चाललं तरी थोडाच वक्त लागतोय. मी स्टँडकडं गेलेच न्हाई. मी उलटी गेले, किल्ल्याकडं, खंदकापाशी एका दगडावर बसले. परीला पाजलं. ती गप झाली. खंदकात पाणी व्हतं, हिरवं, त्यात एक बगळा हुबा. मी त्या बगळ्याकडं बघून राहिले. खरं सांगते, माझ्या मनात असं आलं की बस निघून जाईल. बस गेली की मंग माझ्यामुळं राहिलं असं न्हाई, बस गेली म्हणून राहिलं, असं हुईल. असं कुणी इचार करतंय का? पर मी केला. स्टँडकडून हॉर्न आला, लांब. परीनं हात हलवला, तिला बस लई आवडती.

एक घंटा मी तिथं बसले. पुरा एक घंटा. फोन माझ्या पिशवीत व्हता.

मंग गेले. दोघी तिथंच बसलेल्या. बस गेली तरी काकू हलली न्हवती, तिला वाटलं मी येणार. तिनं घडीची साडी नेसली व्हती, हिरवी. मनीषाच्या पायात ते पांढरे बूट, खाली तिनं पेपर अंथरून त्यावर पाय ठेवले व्हते, मळू न्हाई म्हणून. मी सगळं एका दमात सांगून टाकलं, होल्ड, छोटं खातं, नाव, पत्रिका, चौथा शनिवार. रडत. मला वाटलं काकू मारंल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मंग सावकाश म्हणली,

"शीतल, खातं बंद झालतं. तुजं तोंड कामून बंद झालतं गं?"

एवढंच. मनीषानं पिशवीतनं बिस्किटाचा पुडा काढला, लातूरच्या रस्त्यात खायला घेतला व्हता, तो फोडला, आन् परीच्या हातात दोन बिस्किटं दिली.

सोमवारी काम झालं. साहेबानं कागद घेतला, शिक्का मारला, दुपारी पैशे निघाले. सातही वाटे जिथले तिथं, एक रुपया कमी न्हाई. बायायनी मोजून घेतले, माझ्यापुढं बसून. आधी कुणी माझ्यापुढं मोजत नसायच्या. रुक्मिण म्हणली, पुढल्या सालापासून नगदच बरं, नगदाला शनिवार नसतोय. त्याच सांजला सरांचा फोन आला, पैशे भेटले का सगळ्यांना, म्हणून. मी हाव म्हणलं, आन् मंग माझ्यानं राहवलं न्हाई, सांगितलं. सर म्हणले, "अगं, ते कॉलेज माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. एक फोन करून पोरीला बसमध्ये बसवलं असतंस तर तिथं फी मी भरली असती. शनिवारी दिवसभर घरीच होतो मी."

नंबर माझ्या फोनमधी व्हता. पैशाचा मेसेज आला त्याच्या वरतीच. मी खंदकापाशी बसले तवा बी व्हता. मला सुचलंच न्हाई, असं मी लोकायला सांगते. खरं तसं न्हाई. सुचलं व्हतं. पर सर शिकलेले, मी नववीतनं उठलेली, त्यायला कसं म्हणायचं की सर, माझं नावच दोन हाय, माझं खातं ल्हान हाय. मला त्याची लाज वाटली. मनीषाच्या पुऱ्या जिंदगीपेक्षा मला माझ्या फजितीची फिकीर जास्त वाटली. तिचा नंबर खालच्या पोरीला गेला. ती पोरगी आता दवाखान्यात असंल, सुया देत असंल. तिला म्हाईत बी नसंल की ती कंधारच्या एका शटरामुळं तिथं हाय.

मनीषाचं माघात लग्न लावलं. विष्णुपुरीला दिली, इंजिनिअरिंगच्या कॉलेजापाशी, तिचा मालक तिथल्या खाणावळीत कामाला, ती बी पोळ्या लाटती. रोज तिच्या खिडकीतनं पाठीला बॅगा अडकवलेल्या पोरी जातेत. हे तिनं तक्रार म्हणून न्हाई सांगितलं. असंच सांगितलं, जसं नदीला पाणी हाय म्हणावं.

औंदा ती दसऱ्याला माहेरी आली. म्हणली नुसतं बसून काय करू, चार दिवस पात धरते तुमच्या संग. सोयाबीनाचे खुंट पायात घुसतेत, म्हणून बायका काही बी घालतेत, नवऱ्याचे जुने बूट, गमबूट. सकाळी मी वाकले आन् शेजारच्या पातीत बघितलं, तर ते बूट. तेच. पांढरे राहिले न्हाईत, मातीचा रंग झालाय, एक लेस सुतळीचा. मी परीचं निमित करून बांधावर जाऊन बसले.

ती दुपारी माझ्यापाशी आली, भाकरी सोडली. बोटाच्या चिंध्या सोडून फुंकर मारून राहिली. बोटं सुजलेली. मी तिच्या अंगठ्याकडं बघितलं. अजून रेघा हायत, पर बारीक व्हाया लागल्यात. इकडं तिकडं बघून ती हळू आवाजात म्हणली,

"वैनी, माझ्या वाट्याचे पैशे तुज्या खात्यात राहू दे. ह्यायला कळू देऊ नको. माझं खातं अजून माहेरच्या नावानं हाय. पुढल्या साली मला परत फॉर्म भरायचाय."

माझं खातं आता मोठं हाय. नाव एक झालंय. कागद सगळे पिशवीत, प्लास्टिकात. चौथा शनिवार मला पाठ हाय, दुसरा बी पाठ हाय. सरांचा नंबर हाय. काहीच आडवं न्हाई. मी हाव म्हणाया तोंड उघडलं. आन् मला तिचा मालक दिसला, दारात हुबा, इचारतोय. गणेश दिसला. काकू दिसली, हिरवी साडी, स्टँडवर. उद्या काही झालं म्हंजी? परत काही झालं म्हंजी? आन् माझ्या तोंडातनं आलं,

"बघू गं. कवा कवा सर्व्हर डाऊन असतंय."

मनीषानं माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई. ते वाक्य तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ हाय. तिनं चिंध्या परत बांधल्या, एकेका बोटाला, लेसाची गाठ आवळली, आन् इळा घेऊन आपल्या पातीत गेली. मी बघून राहिले. ते बूट पुढं पुढं चालले, वाळल्या शेंगा वाजवत.

अजून रान शिल्लक हाय. ती परवा जाणार विष्णुपुरीला. मी तिला हाक मारू शकते, आत्ता बी, ह्याच पातीतनं, लई लांब न्हाई ती. मी इळा धरून हुबी हाय, परी पदर वढून राहिली, आन् माझं तोंड उघडंना.

तुमी असता तर काय केलं असतं? त्या शटरापुढं?